बिबट्या, बॉस आणि कॉर्टिसॉल

जानेवारी २०१९ मधली एक सकाळ. गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला. टुमदार बंगले, दारात स्कूटी, कुंडीत तुळस आणि कंपाउंडच्या भिंतीवर चक्क बिबट्या! वन विभागाची माणसं, पोलीस, कॅमेरे घेऊन धावलेले पत्रकार आणि गच्च्यांवर जमलेले बघे, सगळे एकाच भागात. त्याला बेशुद्ध करून नेईपर्यंत काही जण जखमीही झाले. त्याच्या क्लिप्स तेव्हा नाशिकमधल्या बहुतेक फोनवर फिरल्या असतील.

समजा, त्या सकाळी तुम्ही दुधाची पिशवी घेऊन त्याच गल्लीतून चालला होतात. समोर तो. डोक्यात ‘अरे बापरे’ उमटायच्या आधीच शरीरानं काम सुरू केलेलं असतं. पहिल्या काही सेकंदांत अॅड्रिनलिन. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, सकाळच्या पोह्यांचं पचन तिथल्या तिथे थांबतं. हा पहिला गिअर. दुसरा गिअर काही मिनिटांनी पडतो. त्याचं नाव कॉर्टिसॉल. तो यकृताला सांगतो, ‘साखर सोड, पाय पळताहेत.’ रक्तदाब टिकवून धरतो. आणि जी कामं उद्या केली तरी चालतील, म्हणजे पचन, डागडुजी, वाढ, ती सगळी पुढे ढकलतो. वीस-तीस मिनिटांत त्याची पातळी शिखरावर पोहोचते आणि संकट टळलं की तास-दीड तासात खाली येते. काम फत्ते!

आता सोमवार, सकाळचे साडेनऊ. क्वार्टर एंड. बॉस लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणतो, ‘जरा दोन मिनिटं केबिनमध्ये ये.’ झालं! पुन्हा तीच धडधड, तीच कोरड, पोटात तोच गोळा. शरीराकडे बॉससाठी वेगळं सॉफ्टवेअर नाही हो. जे बिबट्यासाठी, तेच बॉससाठी. फरक एवढाच की बिबट्या दिसला की माणूस पळतो, सुटलेली साखर जळून जाते. केबिनमध्ये मात्र आपण खुर्चीत बसून मान डोलावत असतो. आणि बिबट्या कसा, एकदा येतो आणि जातो. क्वार्टर एंड वर्षातून चार वेळा येतो, त्याच्या आधी मंथ एंड, त्याच्या आधी ईएमआय.

गेली दोन-तीन वर्षं हा शब्द एकदम फॅशनमध्ये आलाय. इन्स्टाग्राम उघडावं तर कुणी ‘कॉर्टिसॉल फेस’ दाखवतंय, कुणी ‘कॉर्टिसॉल डिटॉक्स’चं ड्रिंक विकतंय. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये परवा एक ज्युनिअर समोरच्या ताटाकडे बघून म्हणाला, ‘आज मिसळ नको, कॉर्टिसॉल वाढलंय.’ मी म्हटलं, बाबा रे, हे कुणी मोजलं? तो म्हणाला, ‘फील होतं ना!’ 

हा लेख त्याच्यासाठी आहे. आणि थोडा माझ्या एका मैत्रिणीसाठी, जिची गोष्ट पुढे येईलच.

व्हिलन नव्हे, वॉचमन

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. अधिवृक्क ग्रंथी. वजन म्हणाल तर एकेकीचं चार-पाच ग्रॅम. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी रक्तातून या टोप्यांना निरोप पाठवते आणि त्या कॉर्टिसॉल बनवतात. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच मेंदूकडे जाऊन ‘बस्स आता’ म्हणतं. वरून खाली ऑर्डर, खालून वर रिपोर्टिंग. एखाद्या चांगल्या चाललेल्या ऑफिससारखं! ही साखळी लक्षात ठेवा, पुढे सगळा घोटाळा तिथेच होणार आहे.

हे हॉर्मोन काही टेन्शनपुरतं नाही. त्याला रोजची ड्युटी आहे. पहाटे ते हळूहळू वाढायला लागतं, जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी मारतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळ गाठतं. सकाळी अंथरुणातून उठून उभं राहता येतं, रक्तदाब जागेवर राहतो, जेवणाला उशीर झाला तरी साखर एकदम कोसळत नाही, यात त्याचा मोठा वाटा. ‘झीरो कॉर्टिसॉल लाइफ’ असं कुणी विकत असेल तर तो तुम्हाला आयसीयूचं तिकीट विकतोय. या ग्रंथी बंद पडल्या की काय होतं, ते थॉमस अॅडिसन या इंग्रज डॉक्टरनं १८५५ मध्येच लिहून ठेवलंय. अशक्तपणा, घटतं वजन, काळवंडणारी कातडी आणि त्या काळात शेवटी मृत्यू.

‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रुजवला तो हॅन्स सेली यांनी. १९३६ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटंसं पत्र छापलं. उंदरांना थंडी द्या, जखम करा, अतिव्यायाम द्या, विष द्या. त्रास कुठलाही असो, शरीराची प्रतिक्रिया एकाच साच्याची. आणि त्या साच्यात अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या. गंमत म्हणजे ‘स्ट्रेस’ हा मूळचा इंजिनीअर लोकांचा शब्द, धातूवर येणाऱ्या ताणासाठीचा. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये तो आजही त्याच अर्थानं चालतो. माझ्या मशीन शॉपमधल्या मित्राला ‘स्ट्रेस आलाय’ म्हटलं तर तो आधी जॉब तपासतो.

१०२२ मधून १३

टेन्शन प्रयोगशाळेत कसं तयार करायचं? माणसांवर बिबट्या तर सोडता येत नाही. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठाच्या मंडळींनी १९९३ मध्ये यावर जो तोडगा काढला, तो वाचून मला मोठ्यानं हसू आलं आणि मग अंगावर काटा आला.

तुम्हाला एका खोलीत नेतात. समोर टेबलामागे पांढऱ्या कोटातले परीक्षक. तुम्ही नोकरीच्या मुलाखतीला आलाय असं समजून पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं. परीक्षक हसत नाहीत, मान डोलावत नाहीत, नुसते बघतात. पाच मिनिटं संपली की नवीन काम. १०२२ मधून १३ वजा करा, मोठ्यानं. १००९. पुन्हा १३ वजा. ९९६. चुकलात की थंड आवाजात सांगतात, ‘चूक. १०२२ पासून सुरू करा.’

बस्स, एवढंच. ना शॉक, ना मारहाण. तरी लाळेतलं कॉर्टिसॉल दुपटी-चौपटीनं वाढतं. हा प्रयोग जगभर इतका चालला की आज टेन्शनच्या संशोधनात तो जवळजवळ मोजपट्टी झालाय. आणि आपण तो दर महिन्याला, स्वतःच्या पैशानं पेट्रोल टाकून जाऊन, फुकट करून येतो. त्याला रिव्ह्यू म्हणतात!

पुढे २००४ मध्ये सॅली डिकर्सन आणि मार्गारेट केमेनी या दोघींनी अशा २०८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. नेमकं कशानं कॉर्टिसॉल वाढतं? काम अवघड असणं पुरेसं नव्हतं. कर्कश आवाज ऐकवला, भावुक सिनेमा दाखवला, तरी फार काही घडत नव्हतं. सगळ्यात मोठी उसळी दोन गोष्टी एकत्र आल्या की. एक, आपल्या हातात काही नाही. दोन, कुणीतरी आपल्याला जोखतंय.

हे वाचल्यावर मला माझं ऑफिस वेगळं दिसायला लागलं. रात्री नऊपर्यंत थांबून प्रेझेंटेशन करणारी आमची टीम एकमेकांची खेचत, वडापाव खात मजेत असते. आणि सहा वाजता निघणारा, कामही बेताचंच असलेला एक जण कायम पिळलेल्या टॉवेलसारखा. कारण त्याचा साहेब सगळ्यांसमोर त्याच्या मेलमधल्या स्पेलिंगवरून बोलतो आणि कधी बोलेल याचा नेम नाही. कामाचे तास दोघांचे मोजता येतात. हे मात्र कुठल्याच टाइमशीटमध्ये येत नाही.

खिडकीची सीट

याच मुद्द्यावर आपल्या नाशिकची एक अस्सल प्रयोगशाळा आहे. पंचवटी एक्स्प्रेस! १९७५ पासून मनमाड ते मुंबई धावणारी आपली गाडी. नाशिकरोडला सकाळी सातच्या सुमारास पकडायची, व्हीटीला (सॉरी, सीएसएमटीला) अकराच्या आत उतरायचं, संध्याकाळी सहानंतर तीच गाडी आणि घरी जेवायला दहा. रोज साधारण पावणेचारशे किलोमीटर. माझा एक चुलतभाऊ हे सात वर्षं करतोय. आमच्या काकू दर दिवाळीला म्हणतात, ‘अरे, तब्येतीचं काय?’

काकूंची काळजी चुकीची नाही. अमेरिकेत न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला ट्रेननं जाणाऱ्या नोकरदारांची लाळ तपासून गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी २००६ मध्ये दाखवलं की प्रवास जितका लांबचा, तितकं कॉर्टिसॉल जास्त. पण त्याच मंडळींच्या आधीच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. ज्यांना आपला प्रवास बेभरवशाचा वाटत होता, त्यांना ताण जास्त होता.

आणि त्याच्याही आधी, १९७८ मध्ये, स्वीडनमधून एक मजेदार निष्कर्ष आला होता. स्टॉकहोमला जाणाऱ्या ट्रेनमध्ये पहिल्या स्टेशनवर चढणारे आणि अधल्यामधल्या स्टेशनवर चढणारे, अशा दोन गटांची तुलना केली. तिथे कॉर्टिसॉल नव्हे, लघवीतलं अॅड्रिनलिन मोजलं होतं. ज्यांचा प्रवास लांबचा होता त्यांचं जास्त निघावं ना? उलट झालं! लांबून येणाऱ्यांचं कमी. कारण त्यांना रिकामा डबा मिळायचा. कुठे बसायचं, कुणाजवळ बसायचं, बॅग कुठे ठेवायची, सगळं त्यांच्या मर्जीनं.

मनमाडला चढून खिडकी धरणारा आणि कल्याणला दारात लटकणारा. समजलं ना?

माझ्या चुलतभावाच्या डब्यात ठरलेली माणसं, ठरलेल्या जागा. कुणाचा वाढदिवस असला की इगतपुरीच्या आत पेढा फिरतो. कसाऱ्याचा घाट उतरला की अर्ध्या डब्याची एक डुलकी. गाडी लेट झाली तर वैताग असतोच, पण तो शंभर जणांत वाटला जातो. याउलट माझा दुसरा मित्र. आठवड्यातून दोनदा कार घेऊन मुंबईला जातो, ‘फ्रीडम’ म्हणून. भिवंडीपाशी कंटेनरच्या रांगेत अडकल्यावर तो मला जे व्हॉइस मेसेज पाठवतो, ते छापण्यासारखे नसतात. दोघांची लाळ मी तपासलेली नाही. पण पैज लावायची झाली तर मी पंचवटीच्या बाजूनं लावीन.

आणि पोट?

‘कॉर्टिसॉलमुळे पोट सुटतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. अर्धं खरं आहे. कॉर्टिसॉल खूप जास्त आणि दीर्घकाळ राहिलं तर चरबी पोटावर आणि चेहऱ्यावर साठते, हातापायांचे स्नायू झिजतात, साखर वाढते. पण ऑफिसच्या टेन्शननं ते एवढं वाढतं का? सहसा नाही. वर्षानुवर्षं ताणात राहिलेल्या कित्येकांत पातळी उंच सापडतच नाही. तिचा रोजचा चढउतार सपाट झालेला दिसतो. सकाळी हवी तेवढी उसळी नाही आणि रात्री उतरायला हवं तेवढं उतरत नाही. म्हणजे सकाळी मढ्यासारखं पडून राहायचं आणि रात्री एक वाजता डोळे टक्क!

पोटाचं म्हणाल तर आपलं, म्हणजे भारतीयांचं, खातं मुळातच वेगळं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे मित्र जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघं शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर सडपातळ, आतून गुबगुबीत. तेव्हा सुटलेल्या पोटाचं सगळं खापर बॉसवर फोडायच्या आधी आईवडिलांच्या शुगरचे रिपोर्ट बघा आणि आपण दिवसातून किती पावलं चालतो तेही.

पुडीची गोष्ट

आता माझ्या मैत्रिणीचं. वय ३१, एका कंपनीत अकाउंट्सला. नाव, गाव, कंपनी काही सांगणार नाही.

दीड वर्षापूर्वी तिची कंबर आणि गुडघे दुखायला लागले. शेजारच्या काकूंनी पत्ता दिला. अमुक गावात दर रविवारी एक जण पुड्या देतात, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही’. तिनं घेतली. तिसऱ्या दिवशी दुखणं गायब. बाई ऑफिसात जिन्यानं यायला लागली. आम्ही सगळे थक्क. दोघांनी तर पत्ता मागून घेतला.

सहा-सात महिन्यांत तिचा चेहरा गोल व्हायला लागला. आधी आम्ही म्हटलं, सुखानं अंग धरलंय. मग गाल लाल, हनुवटीवर लव, पोटावर जांभळे चट्टे, टेबलाचा कोपरा लागला तरी काळानिळा डाग. रात्री झोप नाही, चिडचिड. सगळ्यांचं निदान एकच, ‘तू फार स्ट्रेस घेतेस.’ तिनं फोनवर शोधलं, तर ‘कॉर्टिसॉल फेस’चे शेकडो रील्स. समोर आपलाच चेहरा! तिनं डिटॉक्सचं ड्रिंक मागवलं. एकवीस दिवसांचा कोर्स. त्यावर लिहिलं होतं, या काळात इतर सगळी औषधं बंद ठेवा. म्हणून तिनं पुडीही बंद केली.

पाचव्या दिवशी उलट्या. सहाव्या दिवशी उठून उभी राहिली आणि बाथरूमच्या दारात कोसळली. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा रक्तदाब हाताला लागेना, साखर पार खाली. तिच्या आईला वाटलं, पोरगी जाते. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, हातात तिची पर्स आणि त्या डिटॉक्सची बाटली.

ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं तिचा चेहरा बघितला, पोट बघितलं आणि आईला एकच प्रश्न विचारला. ‘मावशी, ही कुठली पुडी घेत होती का?’

रक्तातलं कॉर्टिसॉल आलं ते जवळजवळ शून्य. चेहरा कॉर्टिसॉल जास्त झाल्याचा आणि रक्तात कॉर्टिसॉलच नाही! आता ती सुरुवातीची साखळी आठवा. पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं होतं. ही औषधं म्हणजे कॉर्टिसॉलची कारखान्यात बनवलेली भावंडं. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन. बाहेरून एवढा माल येतोय म्हटल्यावर मेंदूनं ऑर्डर देणं बंद केलं आणि त्या दोन टोप्या महिनोन्महिने झोपून गेल्या. पुडी चालू होती तोवर चेहरा फुगत होता. पुडी एकदम थांबली आणि आत कुणीच जागं नव्हतं.

स्टिरॉइडला सरसकट शिव्या घालू नका. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी संधिवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली आणि ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० चं नोबेल हेन्च, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना मिळालं ते या हॉर्मोन्सवरच्या कामासाठीच. दमा, ल्युपस, अवयव प्रत्यारोपण, यात आजही ही औषधं जीव वाचवतात. कोविडमध्ये डेक्सामेथासोननं ऑक्सिजनवरचे कितीतरी रुग्ण वाचले, हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं. आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे काळ्या बुरशीनं, म्हणजे म्युकरमायकोसिसनं, जो धुमाकूळ घातला, त्यात बेताल वाढलेल्या शुगरबरोबर गरजेपेक्षा जास्त दिलेलं स्टिरॉइड हेही एक कारण होतं. औषध तेच. डोस, दिवस आणि देणारा कोण, एवढाच प्रश्न.

पुडी एकटी नाही. तब्येत सुधारायच्या गोळ्या असतात, लग्नाळू मुलांना खास ‘अंग भरायला’ दिल्या जाणाऱ्या. जिममध्ये हातोहात फिरणारं सामान असतं, तिथली स्टिरॉइड्स बहुतेक वेगळ्या जातीची, पण लेबल नसलेल्या डब्यात काय आहे कोण सांगणार! आणि गोरेपणाची क्रीम्स. बीटामेथासोन, क्लोबेटासोलसारखी स्टिरॉइड्स असलेली मलमं लोक वर्षानुवर्षं फेस क्रीमसारखी चोपडतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मेडिकलमध्ये जाऊन ‘दादा, ती गोरं होण्याची ट्यूब’ म्हणून बघा, काय मिळतं ते.

मग करायचं काय?

पहिलं, ‘हेल्थ पॅकेज’मध्ये हौसेनं कॉर्टिसॉलची टेस्ट घालू नका. दिवसभर बदलणारी गोष्ट दुपारी दोनला एकदा मोजून काय कळणार? टेस्टचा खर्च आणि रिपोर्ट बघून नवीन टेन्शन! खरंच शंका असेल, म्हणजे जांभळे चट्टे, पटकन पडणारे डाग, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर नसणं, कमी वयात वाढलेला रक्तदाब असं काही एकत्र दिसत असेल, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. ते रात्री उशिराची लाळ, चोवीस तासांची लघवी किंवा रात्री एक गोळी देऊन सकाळचं रक्त अशा पद्धतीनं तपासतात. शरीर आपणहून जास्त कॉर्टिसॉल बनवतं असा आजार असतो, त्याला कुशिंग म्हणतात, पण तो दुर्मीळ. आणि ‘अॅड्रिनल फटीग’ नावाचा आजार हॉर्मोनतज्ज्ञांच्या पुस्तकात नाही. तो फक्त सप्लिमेंटच्या डब्यावर आहे.

आपल्यासारख्या धडधाकट पण दमलेल्या माणसांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट फारच बोअरिंग आहे. झोप. तीही ठरलेल्या वेळी. कॉर्टिसॉल घड्याळावर चालतं आणि घड्याळ लागतं सकाळच्या उजेडावर. उठल्यावर पडदे ओढून रील्स बघण्यापेक्षा दहा मिनिटं गॅलरीत चहा प्या. ज्यांना थर्ड शिफ्ट आहे त्यांचे हाल खरे आहेत, त्यांना ‘लवकर झोपा’ सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांनी निदान दिवसाची खोली काळोखी ठेवावी आणि दर आठवड्याला शिफ्ट फिरवणाऱ्या एचआरशी भांडावं.

व्यायाम केला की कॉर्टिसॉल वाढतं. हो, वाढतं! थोडा वेळ. नंतर उतरतं आणि शरीराला चढून उतरायची सवय लागते. म्हणून पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना घाबरू नका. पण चार तास झोपून पहाटे पाचला ‘नो पेन नो गेन’ करायचं असेल तर त्यापेक्षा पांघरूण घ्या. आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमनं ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ सायकलवर पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. त्यांच्यामागे तयारी होती आणि क्रू होता. आपल्यामागे सोमवारचा स्टँडअप आहे.

चहा-कॉफीनं कॉर्टिसॉल थोडं वाढतं, रोज पिणाऱ्यांत कमी. दुपारनंतरचा चौथा कप मात्र झोपेच्या मुळावर. आणि वाइन सिटीत राहून हे लिहिणं जिवावर येतंय, पण ‘स्ट्रेस उतरवायला’ घेतलेले दोन-तीन पेग पहिल्या प्रहरी झोपवतात आणि तीन वाजता उठवून बसवतात.

संथ श्वास, योग, ध्यान यांचा उपयोग होतो. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये १९२४ पासून योग प्रयोगशाळेत तपासला जातोय आणि आपल्या शेजारी इगतपुरीत १९७६ पासून धम्मगिरीवर पहाटे चारची घंटा वाजते. दहा दिवस फोन नाही, बोलणं नाही. तिथून परत आलेल्या मित्रांचे चेहरे मी बघितलेत, छान असतात. मात्र सोमवारी तोच साहेब तसाच ओरडणार असेल, तर ध्यानाबरोबर एक स्पष्ट बोलणंही करावं लागतं. ‘फीडबॅक केबिनमध्ये द्या, सगळ्यांसमोर नको’ एवढं एक वाक्य. आमच्या टीमनं ते सगळ्यांनी मिळून म्हटलं. साहेबांना पहिले दोन दिवस राग आला, मग सवय झाली.

अश्वगंधा? काही छोट्या भारतीय चाचण्यांत कॉर्टिसॉल थोडं उतरलेलं दिसलंय. पण यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत आणि डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील, प्रेग्नन्सी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. आणि ज्येष्ठमध! घशासाठी आपण सहज चघळतो तो. कॉर्टिसॉलला मूत्रपिंडात निष्प्रभ करणारं एक एन्झाइम असतं, ज्येष्ठमध तेच अडवतो. रोज भरपूर, आठवडेच्या आठवडे खाल्ला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घसरतं. गाण्याच्या कार्यक्रमाआधी एक कांडी, ठीक आहे. सकाळ-संध्याकाळ त्याचा काढा, नको.

आणि घरात कुणी पुडी, गोळी किंवा ‘जादूचं’ मलम बरेच दिवस घेत असेल, तर हा लेख वाचून ते आज रात्री फेकून देऊ नका. एकदम बंद करणं हेच सगळ्यात धोक्याचं. पुडी कागदासकट घेऊन एमडी डॉक्टरकडे जा. ते डोस आठवड्या-आठवड्यानं उतरवतात. त्या काळात ताप आला, उलट्या झाल्या, दात काढायचा असला तरी ‘मी स्टिरॉइडवर होते’ हे समोरच्या डॉक्टरला आधी सांगायचं, कारण झोपलेल्या ग्रंथी अशा वेळी जादा माल काढू शकत नाहीत. 

माझी मैत्रीण आता हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांवर आहे, सकाळी जास्त, दुपारी कमी, निसर्गाच्या वेळापत्रकाप्रमाणे. चेहरा बराचसा उतरलाय. कंबर अजून दुखते, त्यासाठी फिजिओथेरपी चालू आहे आणि ती फिजिओवाल्या ताईंना यथेच्छ शिव्या घालते. पाकिटात आधार कार्डाच्या मागे एक चिठ्ठी ठेवते, कुठल्या गोळ्या चालू आहेत त्याची. दर तीन महिन्यांनी सकाळी आठला, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी, रक्त द्यायचं. गेल्या वेळी आकडा शून्यावरून चारवर आला होता. डॉक्टर म्हणाले, दहाच्या पुढे गेला की बघू. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे, मंथ एंडच्याच दिवशी. तिनं सुट्टीचा अर्ज आत्ताच टाकलाय.